परक्या भाषेत कळवळणं

लिफ्टचं जाळीचं दार खाडकन ओढलं जातं आणि त्याची चार बोटं पट्ट्यांमध्ये सापडतात. दार ओढणारा सुरक्षा अधिकारी घाईत आहे. त्याला वरच्या मजल्यावर जायचंय, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा हात कुठे आहे हे त्याने पाहिलेलंच नाही. कॅमेरा बोटांवर जात नाही, त्या माणसाच्या चेहऱ्यावर थांबतो. तोंड उघडतं, घशाशी काहीतरी येतं, गळ्याची शीर तट्ट फुगते आणि जे आलेलं असतं ते तो गिळतो. मग ओरडतो. त्या शहराच्या भाषेत, तिथली माणसं ओरडतात तसाच. पण अर्धा क्षण उशिरा.

अधिकारी दार मागे सारतो, माफी मागतो आणि जाता जाता एकदा वळून बघतो.

गेल्या आठ दिवसांत मी हा नवा हेरपट दोनदा पाहिला. पहिल्यांदा भाच्याबरोबर, दुसऱ्यांदा एकटीने, आणि दुसऱ्यांदा गेले ती या अर्ध्या क्षणासाठी. चित्रपटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यातल्या प्रसंगांबद्दल मला अगदी मोकळेपणाने बोलायचंय, आणि ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांचा विरस करायचा नाही.

लागल्यावर तोंडातून काय निघावं हे आपण ठरवत नाही. चटका बसतो, ठेच लागते आणि 'आई गं' निघून गेलेलं असतं. निघालं हे आपल्यालाही मागाहूनच कळतं. माणूस परकी भाषा कितीही सफाईने बोलो, तीत भांडो, हिशेब करो, प्रेमात पडो, कळ आली की ती पहिल्या भाषेतूनच बाहेर पडते. हेराला तेवढीही मुभा नाही. त्याने कळवळायचं तेही उसन्या भाषेत. ज्या कोणाला हे सुचलं आणि ज्याने ते एकही स्पष्टीकरण न देता दाखवलं, त्याला माझा मनापासून सलाम. तिथे पार्श्वसंगीतसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी मी डोळे मिटून ऐकलं. मोटरची घरघर, वर कुठेतरी रिले बसल्याचा टक् आवाज, आणि त्याने आत ओढलेला श्वास. बास.

खऱ्या हेरांच्या हकिकती ज्यांनी वाचल्यात त्यांना हा उशीर ओळखीचा वाटेल. एली कोहेन अलेक्झांड्रियात जन्मला, इजिप्तमध्ये वाढला. अरबी त्याला उत्तम येत होती, पण तिला इजिप्तचं वळण होतं. सीरियात सीरियन म्हणून वावरायचं तर ते वळण मोडून काढणं आलं. इस्रायलच्या मोसादने त्याला तिथली बोली शिकवली आणि 1961 मध्ये आधी अर्जेंटिनात पाठवलं. परदेशात पैसा कमावून मायदेशी परतणारा व्यापारी कामिल अमीन साबित तिथे आकाराला आला. या नावाने तो दमास्कसमध्ये राहिला, तिथल्या बड्या लोकांत त्याची ऊठबस झाली. जानेवारी 1965 मध्ये संदेश पाठवत असतानाच तो पकडला गेला आणि 18 मे 1965 रोजी त्याला भर चौकात फाशी दिलं. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी डोळे उघडल्यापासून दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वरात बोलत होता. झोपेत काय बोलत असेल, या विचाराने मला आजही धस्स होतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हेरांना तर नुसती बोली सांभाळून भागत नसे. मोर्सच्या टिंब-रेघांनाही माणसागणिक वेगळी लय असते. कोणी रेघ लांबवतो, कोणी दोन अक्षरांमध्ये रेंगाळतो. पलीकडे कान देऊन बसलेल्याला संदेश कोणाच्या हातचा आहे हे नुसत्या ठोक्यांवरून ओळखता यायचं. शिवाय प्रत्येकाने संदेशात एक ठरलेली चूक करायची असे. चूक असली म्हणजे सगळं ठीक आहे, आणि संदेश बिनचूक आला म्हणजे पाठवणारा पकडला गेलाय. मार्च 1942 मध्ये ह्यूबर्टस लाउवर्स हा ब्रिटिशांचा डच हेर हेगमध्ये जर्मनांच्या हाती लागला. त्याच्याकडून जबरदस्तीने संदेश पाठवून घेतले गेले तेव्हा त्याने ती ठरलेली चूक गाळली. जिवावर उदार होऊन गाळली. लंडनने तिकडे लक्षच दिलं नाही. पुढे वर्षभराहून अधिक काळ एकामागून एक हेर विमानातून उतरवले गेले आणि थेट जर्मनांच्या हातात पडत राहिले. पन्नासहून अधिक माणसं. बहुतेक सगळी मारली गेली. एक न केलेली चूक कोणीतरी वाचावी म्हणून तो माणूस आतून केवढा आक्रोश करत असेल! यात कुठेही बंदूक नाही, पाठलाग नाही. तरी याच्याइतका जीव टांगणीला लावणारा प्रसंग मला पडद्यावर क्वचितच दिसलाय.

हे सगळं मनात ठेवूनच मी हेरपट बघते. मारधाडीशी माझं वाकडं नाही. चांगली हाणामारी मला मनापासून आवडते आणि या चित्रपटातली काही हाणामारी फार उत्तम आहे. पण एक गोष्ट मला पक्की वाटते. हेराने हात उचलला की त्याची हेरगिरी तिथेच संपते. सोंग टिकवायचं तर मार खायचा. मारलं, तर सोंग गेलं. नूर इनायत खानचंच बघा. जून 1943 मध्ये ब्रिटिशांनी तिला बिनतारी संदेशांसाठी फ्रान्समध्ये उतरवलं. काही दिवसांतच आजूबाजूची माणसं धडाधड पकडली गेली. परत बोलावलं तरी ती आली नाही. जागा बदलत, यंत्र घेऊन पॅरिसभर फिरत ती संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये पकडायला आले तेव्हा मात्र ती झुंजली, आणि कैदेतून निसटायचा दोनदा प्रयत्न केला. तिची झुंज सुरू झाली ती लपण्यासारखं काही उरलंच नाही तेव्हा. 13 सप्टेंबर 1944 रोजी तिला दाखाउच्या छळछावणीत गोळी घातली.

हाणामारी आणि हेरगिरी अशी एकमेकींच्या मुळावर उठलेली असते. ज्या दिग्दर्शकाला हे कळतं त्याच्या चित्रपटात प्रत्येक ठोशाची किंमत मोजावी लागते, आणि मग तो ठोसा बघणाऱ्यालाही लागतो. या चित्रपटाच्या पहिल्या तासात दिग्दर्शकाला हे इतकं छान कळलेलं आहे की पुढे जे झालं त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

नायक पाच वर्षं त्या परक्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतोय. हा धंदा निवडणाऱ्या लेखकाचं कौतुक करावं तेवढं थोडं. लिफ्टवाला प्रत्येक इमारतीत जातो. त्याला सगळ्या मजल्यांच्या चाव्या मिळतात, आणि लिफ्ट बंद पडली असताना त्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, सगळे घड्याळाकडे बघतात. आपला 'हेर' हा शब्दच किती नेमका आहे. हेरतो तो हेर. ज्याचं काम बघणं आहे, दिसणं नाही. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त हेरांची सोंगं सांगितली आहेत : विद्यार्थी, गृहस्थ, व्यापारी, तापस, भिक्षुकी. आणि घराघरांत शिरायला कुबडे, बुटके, मुके, बहिरे, वेडसर, आंधळे बनून वावरणारे. म्हणजे ज्यांच्यासमोर बोलताना कोणी आवाज खाली आणत नाही अशी माणसं. तीन हेरांची बातमी जुळली तरच ती खरी धरावी असंही तिथे म्हटलंय, आणि त्या तिघांना एकमेकांचा पत्ता नसावा. या चित्रपटातला लिफ्टवाला थेट त्या यादीत बसतो. लिफ्टच्या टपावर अंधारात उभा राहून तो खालचं बोलणं ऐकतो, हातात ग्रीसचं फडकं. ग्रीस त्याच्या नखांत आहे, मानेवर आहे, आरशात बघतो तेव्हा भुवईवरही आहे. पाच वर्षं हे काम केलेल्या माणसाच्या अंगावर असायला हवं तिथे तिथे आहे.

मग तो मार खाण्याचा प्रसंग येतो. रात्री कामावरून परतताना गल्लीतले तीन टवाळ त्याला अडवतात. तिघांना त्याने दहा सेकंदांत झोपवलं असतं. सुरुवातीलाच त्याचं प्रशिक्षण दाखवलेलं असल्यामुळे हे आपल्याला ठाऊक असतं. समोरच्या खिडकीत मात्र एक म्हातारी उभी आहे, ती बघतेय. पहिला फटका येतो आणि त्याचा डावा हात आपोआप अडवायला वर जातो, कोपरात वाकतो, आणि तिथेच थांबतो. तो तो हात खाली आणतो. स्वतःच्या हाताला जबरदस्तीने खाली आणतो! पुढची दोन मिनिटं तो नुसता मार खातो, तोही अडाण्यासारखा. चुकीच्या बाजूला वाकतो, पोटाऐवजी तोंड झाकतो. लढता येणाऱ्याने न लढता येणाऱ्यासारखं पडायचं, म्हणजे काय कसरत असेल! माझ्या मुठी वळल्या होत्या. शेजारी भाचा खुर्चीच्या कडेला आला होता. आख्खं थिएटर गप्प होतं.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. त्याला स्टंटचं वेड आहे, पण पोरकट नाही. तो या गोष्टी मनापासून वाचतो, समजून घेतो. बाहेर पडल्यावर म्हणाला, "मावशी, त्या गल्लीच्या सीनमध्ये डबल आहे, तुला कळलं?" मला नव्हतं कळलं. त्याने समजावलं. शॉट लांब आहे, पण नायक भिंतीवर आपटून खाली सरकतो तेव्हा त्याची पाठ कॅमेऱ्याकडे वळते. तिथून पुढची काही सेकंदं तो दुसराच माणूस आहे, आणि पुन्हा चेहरा वर येतो तेव्हा नट परत आलेला असतो. मध्ये कॅमेऱ्यासमोरून कोणाचा तरी कोट जातो, तोच सांधा. भराभर शॉट तोडून मारामारी दाखवली की डबल लपवणं सोपं जातं, तसंच नटाचं कच्चेपणही लपतं. पण अशा लांब शॉटमध्ये लपवायचं म्हणजे डबलने नटाची चाल, खांदे, श्वास, सगळंच उचलावं लागतं.

"म्हणजे खरा हेर तोच की रे," मी म्हटलं.

तो एकदम गंभीर झाला. "आणि त्याचं नाव कोणी वाचत नाही गं. दिवे लागतात, लोक उठतात." मग त्यानेच सांगितलं की ऑस्करवाल्या अकादमीने स्टंट डिझाइनसाठी आता कुठे पुरस्कार जाहीर केलाय. घोषणा एप्रिल 2025 मधली, आणि पहिला पुरस्कार मिळणार तो 2028 च्या, म्हणजे शंभराव्या सोहळ्यात. नव्व्याण्णव सोहळे या माणसांनी खाली पडण्यात घालवले. 'मिशन इम्पॉसिबल – फॉलआउट' चा विषयही त्यानेच काढला. दोन इमारतींमधली उडी घेताना टॉम क्रूझचा घोटा मोडला, तरी तो उठून लंगडत कॅमेऱ्यासमोरून गेला आणि तोच शॉट 2018 च्या त्या चित्रपटात आहे. "खरं दुखणं आहे ते," भाचा म्हणाला, "पण कॅरेक्टरचं म्हणून खपलं." मला पुन्हा ती जाळीत अडकलेली बोटं आठवली.

आता माझी तक्रार. ज्या संध्याकाळी बोटं सापडतात त्याच रात्री नायक त्या इमारतीत परत शिरतो आणि तिसऱ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये अकरा पहारेकऱ्यांना लोळवतो. मी दुसऱ्यांदा मोजले, अकराच. नृत्यासारखी बसवलेली, देखणी मारामारी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गल्लीत ज्याने एका म्हातारीसाठी इतका मार खाल्ला, त्याने इथे अकरा माणसांसमोर स्वतःला उघडं पाडावं? बरं, पाडलं, तर त्याची काही किंमत? दुसऱ्या दिवशी तो त्याच गणवेशात, त्याच हत्यारांच्या पेटीसह कामावर हजर. ओठ फाटलेला, डोळा सुजलेला. कोणी विचारत नाही. ज्या शहरात जाळीच्या दाराजवळचा अर्ध्या क्षणाचा उशीर एका अधिकाऱ्याच्या नजरेला खुपला, तेच शहर रातोरात आंधळं होतं.

सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलातून तर नुसतं 'फुस्स' होतं आणि चौथ्या मजल्यावर कोणाची झोपही मोडत नाही. खरा सायलेन्सर आवाज वीस-तीस डेसिबलने उतरवतो. कानठळी बसवणारा आवाज जरा सोसवेल इतका होतो, एवढंच. एरवी मी असल्या गोष्टी सोडून देते. पण ज्या चित्रपटाने मला रिलेचा टक् ऐकायला शिकवलं, त्याने तासाभरात माझ्या कानांना असं फसवावं याचा राग येतो.

सर्वांत मोठं दुःख त्या अधिकाऱ्याचं. वळून बघणाऱ्या. त्या एका नजरेत आख्खा चित्रपट मावला असता. त्याला संशय आलाय, पण कशाचा ते त्याला धड सांगता येत नाही. एका ओरडण्याचा? त्याने काय अहवाल लिहायचा, की लिफ्टवाला जरा उशिरा कळवळला? तो घरी जाऊन बायकोला विचारेल, बोट चेमटलं तर माणूस कधी ओरडतो? तो स्वतःच्या बोटावर दार लोटून बघेल. मी असली किती दृश्यं मनात रचली सांगू! नटही काय ताकदीचा आहे, नुसत्या मानेच्या वळण्यातून त्याने सगळं सांगितलं. आणि त्याच कॉरिडॉरमध्ये त्याला सहावा की सातवा म्हणून गोळी घालून संपवलाय. एक शब्द न बोलता. नायकाला खऱ्या अर्थाने हेरणारा एकमेव माणूस, आणि त्याला गर्दीत मारून टाकला. पहिल्यांदा पाहताना तो पडला तो तोच, हे मला कळलंही नव्हतं.

पुढची चाळीस मिनिटं आगगाडी, धरण, हेलिकॉप्टर. कष्ट दिसतात, खर्चही दिसतो. शेवटी नायक धुरातून संथपणे चालत येतो आणि मागे सगळं पेटलेलं असतं. शहरभर दिसेल असा तो चालतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र 1961 च्या मॉस्कोतली एक बाग येत होती. तिथे ओलेग पेन्कोव्स्की नावाचा, ब्रिटिश-अमेरिकनांना गुपितं पुरवणारा सोव्हिएत कर्नल बाकाजवळून चालता चालता थांबतो, मुलांना घेऊन बसलेल्या एका ब्रिटिश बाईच्या पोरांना गोड गोळ्यांचा डबा देतो आणि पुढे निघून जातो. गोळ्यांखाली फिल्मची रिळं. बघणाऱ्याला दिसतो तो मुलं आवडणारा एक गृहस्थ. पुढे 1962 च्या ऑक्टोबरमध्ये तो पकडला गेला आणि 1963 मध्ये त्याला देहदंड झाला. तो डबा हातातून हातात जातो ती दोन सेकंदं पडद्यावर उभी करायची तर या दिग्दर्शकानेच करावी, असं मला पहिल्या तासानंतर वाटलं होतं. अजूनही वाटतं.

भाच्याशी माझं यावर बरंच वाजलं. त्याचं म्हणणं, "मावशी, अडीच तास नुसतं गप्प बसलेलं कोण बघेल?" मी म्हटलं, "गल्लीतल्या मारात तू श्वास रोखून बसला होतास की नाही?" तो म्हणाला, "हो, पण कॉरिडॉरमध्ये मला मोकळं वाटलं. इतका वेळ त्याने खाल्लं, आता त्याने द्यावं असं वाटत होतं." यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. दाबून धरलेला हात सुटावा असं मलाही वाटत होतंच की. फक्त तो सुटला की सगळं हातचं जाणार, हे त्यालाही आणि आपल्यालाही दिसायला हवं होतं. त्याने ठोसा मारावा आणि मारता मारताच त्याच्या डोळ्यांत पाच वर्षं बुडताना दिसावीत. अशी मारामारी मी शंभर वेळा बघेन.

आणि ती बोटं. दुसऱ्यांदा पाहताना मी कॉरिडॉरभर त्याच्या उजव्या हाताकडेच बघत होते. संध्याकाळी चेमटलेली चार बोटं. रात्री त्यांवर पांढरी पट्टी आहे खरी, पण त्याच हाताची मूठ वळून तो एकेकाला हाणतोय आणि चेहऱ्यावर कळेची रेषाही नाही. ज्याच्या दुखण्यावर चित्रपटातला सर्वांत चांगला क्षण उभा राहिला, ते दुखणं चार तासांत कुठे गेलं? घरी आल्यावर मी भाच्याला हेच कळवलं, जरा चिडूनच.

दोन दिवस त्याचं काही उत्तर नाही. मग काल रात्री उशिरा संदेश आला. तो मित्रांना घेऊन पुन्हा गेला होता.

"मावशी, नीट बघितलं. पहिले तीन ठोसे तो डाव्या हाताने मारतो. एकदा तर उजवा उचलतो आणि परत खाली घेतो, गल्लीत घेतला होता तसाच. चौथ्यापासून उजवा सुरू. पण पहिल्या तीनपर्यंत कोणाच्या तरी लक्षात होतं गं."

कोणाच्या? नटाच्या, दिग्दर्शकाच्या, की त्या पाठमोऱ्या डबलच्या? मी भाच्याला लिहिलं, रविवारी परत जाऊ. या वेळी दिवे लागले तरी उठायचं नाही, शेवटच्या पाट्यांमधलं स्टंटवाल्यांचं एकेक नाव वाचायचं.